हनिमूनची सॅक भरण्याआधी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रात लग्नसराईच्या दिवसांत नवी जोडपी हमखास दिसतात. कोणाला पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालायचे असते, कोणाला पहिलाच पासपोर्ट काढायचा असतो. आत ए, बी आणि सी अशा तीन खिडक्यांवर कागदपत्रे, फोटो, बोटांचे ठसे असे सगळे तपासले जाते. त्यानंतर व्हिसा, तिकिटे, हॉस्टेलचे बुकिंग, परकीय चलन, फोनचे सिमकार्ड अशी यादी सुरू होते. या यादीत डॉक्टरांकडे जाणे मात्र बहुधा नसते.

आधीच्या पिढीचा हनिमून महाबळेश्वर किंवा माथेरानला होई. आताच्या नोकरदार जोडप्यांना पाठीवर सॅक टाकून थायलंड, व्हिएतनाम किंवा बालीला जायचे असते. स्वस्त हॉस्टेलमध्ये राहायचे, रात्रीच्या बसने फिरायचे, भाड्याची स्कूटर घ्यायची, गाडीवर मिळेल ते खायचे. अशा प्रवासात आजाराच्या शक्यता वाढतात, हे सगळ्याच प्रवाशांना लागू आहे. नवविवाहितांची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. याच दिवसांत गर्भधारणा होऊ शकते आणि ती झाल्याचे घरी परतेपर्यंत कळतही नाही. त्यामुळे कोणती लस घ्यायची, कोणते औषध टाळायचे, कुठे जायचे, ही सगळी उत्तरे ‘मूल कधी हवे?’ या एका प्रश्नाशी जोडलेली असतात.

आधी हा प्रश्न, मग तिकिटे

प्रवासाच्या किमान चार ते सहा आठवडे आधी दोघांनी मिळून डॉक्टरांची भेट घ्यावी. काही लशींचे दोन डोस लागतात, काहींचा परिणाम दिसायला दिवस जातात. लगेच मूल हवे असेल तर पत्नीने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करणे हिताचे असते. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत ही मुदत जवळजवळ संपलेली असते.

रुबेलाची लस घ्यायची राहिली असेल तर ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते, कारण तिच्यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. पिवळ्या तापाची लसही याच प्रकारची. केनियात सफारीला जाणाऱ्यांना ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, पण ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. मलेरिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी डॉक्सिसायक्लिन आणि प्रायमाक्विन गर्भवतीला चालत नाहीत. म्हणून ‘मित्राने घेतल्या होत्या त्याच आम्ही घेतल्या’ असे करू नये.

मूल लांबवायचे असेल तर त्याची तयारीही इथूनच करून जावी. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी वाया गेली असे समजून दुसरी घ्यावी. प्रवासात पोट बिघडतेच, म्हणून जास्तीचे पाकीट आणि सोबत कंडोम ठेवावेत.

झिका आणि तीन महिन्यांचा थांबा

ठाणेकरांना डेंग्यू नवा नाही. पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा तोच एडिस डास झिकाचा विषाणूही पसरवतो. झिका 1947 मध्ये युगांडातील झिका नावाच्या जंगलात प्रथम सापडला आणि पुढची कित्येक दशके किरकोळ आजार म्हणून दुर्लक्षित राहिला. ब्राझीलमधील साथीत लहान डोक्याची, अपुऱ्या वाढीच्या मेंदूची बाळे जन्माला येऊ लागली, तेव्हा 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया या हनिमूनच्या आवडत्या देशांतही झिकाची नोंद झालेली आहे. आपल्याकडेही तो आला आहे. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात राज्यातला पहिला रुग्ण सापडला आणि 2024 मध्ये पुण्यात बाधा झालेल्यांमध्ये गर्भवती स्त्रियाही होत्या.

झिकाची लागण झालेल्या दर पाच जणांपैकी सुमारे चौघांना कोणतेच लक्षण जाणवत नाही. उरलेल्यांना थोडा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी होते आणि आठवडाभरात ओसरते. शिवाय हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुरुषाच्या वीर्यात बराच काळ टिकतो. म्हणून झिका असलेल्या भागातून परतल्यावर पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने खबरदारी घ्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हनिमूनला दोघेही गेलेले असतात. अशा जोडप्याने तीन महिने कंडोम वापरून गर्भधारणा पुढे ढकलावी, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

घरातली अडचण इथे सुरू होते. परतल्यापासून ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न सुरू झालेला असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा सुनेकडूनच मागितले जाते. खबरदारीचा मोठा काळ मात्र मुलाच्या बाजूचा आहे. आईवडिलांना ‘डॉक्टरांनी आम्हाला तीन महिने थांबायला सांगितले आहे’ हे त्यानेच सांगितले तर तिच्यावरचा भार हलका होतो. दिवस गेल्याची शंका असेल तर निघण्याआधी घरच्या घरी चाचणी करून घ्यावी. ती सकारात्मक आली तर झिकाची साथ असलेल्या ठिकाणी जाणे टाळावे. महाबळेश्वर तिथेच आहे.

डासांपासून बचावासाठी डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम वापरावे. सनस्क्रीन आधी आणि हे मलम नंतर लावावे. एडिस दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही.

हनिमूनच्या नावाचा आजार

एका दुखण्याला इंग्रजी वैद्यकात हनिमूनचेच नाव मिळाले आहे : हनिमून सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचा संसर्ग. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते. नव्याने सुरू झालेल्या शरीरसंबंधात आजूबाजूच्या त्वचेवरचे जंतू, बहुतेक वेळा ई-कोलाय, मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. त्यात सॅक घेऊन केलेल्या प्रवासाची भर पडते. बस रात्रभर थांबणार नाही म्हणून पाणी कमी प्यायचे, स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून लघवी रोखून धरायची. जंतूंना हवे असते तेच यातून मिळते.

लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही त्याची लक्षणे. उन्हाळी लागली म्हणून धण्याजिऱ्याचे पाणी पिऊन अनेकजणी दिवस काढतात आणि लाजेने नवऱ्यालाही सांगत नाहीत. भरपूर पाणी पिणे चांगलेच, पण दोन दिवसांत आराम नसेल तर लघवीची तपासणी आणि योग्य प्रतिजैविक लागते. थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे किंवा उलट्या सुरू झाल्या तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढची बस सोडून रुग्णालय गाठावे. संबंधानंतर लघवीला जाणे, लघवी न रोखणे आणि दिवसभर पाणी पीत राहणे हे साधे उपाय धोका बराच कमी करतात.

पोट, माकड आणि स्कूटर

‘आपण स्टेशनबाहेरचा वडापाव पचवतो, आपल्याला काय होणार?’ हा भ्रम आहे. पोटाची ओळख इथल्या जंतूंशी असते, तिथल्या नाही. गरम, समोर शिजलेले अन्न आणि बंद बाटलीतले पाणी घ्यावे, खात्री नसलेला बर्फ टाळावा. जुलाब झाल्यास ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ नीट मोजून घालावे. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

बालीमध्ये 2008 पासून रेबीज आहे आणि तिथली माकडे पर्यटकांच्या खांद्यावर बसतात. चावा किंवा ओरखडा किरकोळ वाटला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. लांबच्या, दुर्गम प्रवासासाठी सात दिवसांच्या अंतराने दोन डोस आधीच घेता येतात. चावा झाल्यावर तरीही आणखी डोस लागतात, पण छोट्या बेटावर सहज न मिळणारे इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

भाड्याच्या स्कूटरवर हेल्मेट दोघांनी घालावे. तिथे चालणारा परवाना नसेल तर प्रवासविमा अपघाताचा खर्च नाकारू शकतो, हे पॉलिसी घेतानाच वाचून घ्यावे.

परतल्यावरचा ताप

डेंग्यूची लक्षणे डास चावल्यावर साधारण चार ते दहा दिवसांत, झिकाची तीन ते चौदा दिवसांत दिसतात. मलेरियाला किमान सात दिवस लागतात, कधी काही महिनेही. म्हणजे फोटो पाहून झाले, सॅक माळ्यावर गेली आणि ऑफिस सुरू झाले, त्यानंतर ताप येऊ शकतो. तेव्हा ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नये. डेंग्यूची शक्यता असेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर न विचारताही सांगावे : कोणत्या देशात होतो, कधी परतलो, पाळी चुकली आहे का. तारखा आठवत नसतील तर सोबत पासपोर्ट न्यावा, त्यावरच्या शिक्क्यांत त्या सापडतील. वागळे इस्टेटच्या रांगेत उभे राहून मिळवलेली ती पुस्तिका अशा वेळीही उपयोगी पडते.