सेंट अँड्र्यूजची सनद

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राचा वारा अंगावर घेत वसलेले सेंट अँड्र्यूज हे गाव मध्ययुगात तीर्थक्षेत्र म्हणून विख्यात होते. १३१८ साली रॉबर्ट द ब्रूस राजाच्या उपस्थितीत ज्याचा प्रतिष्ठासमारंभ झाला, त्या भव्य कॅथीड्रलचे आज भग्नावशेषच उरले आहेत. विद्यापीठ मात्र सहा शतके अखंड नांदते आहे. तथापि खांद्यावर लांबट पिशव्या अडकवून देशोदेशीचे जे यात्रेकरू हल्ली येथे उतरतात, त्यांची पावले गावाच्या पश्चिमेला, समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्या मधल्या वालुकामय माळाकडे वळतात. त्या माळावरचे ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचे आद्य क्षेत्र.

नामांकित गोल्फ मैदानांना बहुधा उंच कुंपणे आणि त्याहून उंच वर्गण्या असतात. हे मैदान मात्र आपल्याकडील गायरानासारखे गावाच्या सामाईक वहिवाटीचे आहे. १४५७ साली, तिरंदाजीच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती. रयतेने ती कितपत मानली याचे उत्तर शंभरेक वर्षांनी एका सशांच्या प्रकरणातून मिळते. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या माळावर ससे पाळावयाचे होते, आणि ती मुभा घेताना १५५२ साली त्यांनी जी सनद करून दिली, तीत गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ येथे खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क त्यांना निमूटपणे मान्य करावा लागला. पुढे १७९७ साली कर्जबाजारी नगरसभेने हा माळच हातचा घालवला, सशांचे व्यापारी शिरले, जमीन बिळांनी पोखरली गेली आणि गोल्फवाले व ससेवाले यांचा कज्जा न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. १८२१ साली शेजारच्या जमीनदाराने, जेम्स चीप यांनी, माळ खरेदी करून खेळ वाचवला. १८९४ साली नगराने तो परत मिळवला. पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला टोला मारण्याच्या जागेच्या, मागे उभी असलेली रॉयल अँड एन्शंट क्लबची करड्या दगडांची इमारत पाहून नवखा मनुष्य तिलाच मालकीण समजतो, पण क्लबचा येथे मालकी हक्क नाही. कारभार १९७४पासून एका सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे आहे.

त्यामुळे परक्या प्रवाशालाही, हातात पुरेसे कौशल्य असल्याचा दाखला असेल, तर दोन दिवस अगोदर सोडतीत नाव घालून येथे खेळता येते. सोडतीत नाव निघणे हे अर्थात दैवाधीन, आणि शुल्कही काही गरिबाचे नव्हे.

पहिल्या टीवरून पाहावे तो समोर एकही झाड नाही. पहिल्या आणि अठराव्या होलची मधली हिरवळ (फेअरवे) एकच, इतकी प्रशस्त की चेंडू चुकवणेच कठीण वाटावे, आणि पाठीमागे थांबलेल्या बघ्यांमुळे नेमके तेच घडावे. मूळचा मार्ग एकपदरी होता: दूरच्या टोकापर्यंत खेळत जावयाचे आणि त्याच भोकांवरून परत फिरावयाचे. १७६४ साली बावीस होलांचे अठरा झाले, आणि पुढे गर्दी वाढली तेव्हा ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा, रुंद करून प्रत्येकावर दोन भोके पाडण्यात आली. अशी जोडग्रीन आज सात आहेत. दुसरे व सोळावे, पाचवे व तेरावे, अशी त्यांची जोडी, बेरीज सदैव अठरा. चेंडू ग्रीनवर पोचल्याचा आनंद करावा, तो आपले निशाण पन्नास पावलांवर फडकताना दिसते.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, शंभराहून अधिक, आणि त्यांतले पुष्कळसे टीवरून दृष्टीसच पडत नाहीत. वाऱ्याच्या आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांनी ते खोदले अशी जनश्रुती आहे. ते दिसत नाहीत म्हणून येथे पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा शब्द प्रमाण. परतीच्या वाटेवर तो बोटाने गावातला एखादा मनोरा दाखवतो आणि त्यावर नेम धरावयास सांगतो. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरात उतरलेल्यास आभाळाखेरीज फारसे काही दिसत नाही. बॉबी जोन्ससारखा खेळाडू १९२१ साली अकराव्या होलवर वाळूत असा अडकला, की त्याने डाव अर्धवट सोडला. त्याच जोन्सने १९२७ साली येथे ओपन स्पर्धा जिंकली, आणि १९५८ साली गावाने त्याला नागरिकत्वाचा सन्मान दिला. या मैदानाचा राग आला नाही त्याला ते कळले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सतराव्या होलवर पहिलाच टोला हॉटेलाच्या शेडवरून मारावा लागतो. पूर्वी त्या जागी रेल्वेच्या शेड होत्या. ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर सवलत नाही, आहे तेथूनच खेळावयाचा. नंतर स्विल्कन ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल ओलांडून अठराव्याच्या हिरवळीवर यावे, तर तिला मधोमध छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो आणि त्यावरून पिशव्या घेतलेल्या गृहिणी, सायकलवरची पोरे यांची ये-जा चालूच असते. खेळाडूने त्यांच्यासाठी थांबावयाचे. रविवारी तर गोल्फ सहसा बंदच; त्या दिवशी येथे गावकरी कुत्री फिरवतात, मुले बंकरांत किल्ले करतात, आणि काल सोडतीत नाव न निघालेला प्रवासीही विनाशुल्क अठरा होल पायी हिंडून येऊ शकतो.