कडी-कोयंड्याचं दुकान

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात, तर एका चौकटीपाशी जरा जास्त वेळ उभे राहा. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची ही कोरीव लाकडी चौकट. बघणारे नक्षी बघतात. मी उभी हयात कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवलेली. मला वाटतं, हिच्या दाराची कडी कुणी घडवली असेल आणि तिचे पैसे कुणी दिले असतील?

तसं जुन्या दारांना लोखंड फारसं लागत नसे. आमच्या तेरच्या घराचं दारही तसलंच. फळीलाच वरखाली राखलेलं गोल कुसू उंबऱ्याच्या भोकात फिरे. रात्री बाजूच्या भिंतीतून अडसर ओढायचा; दिवसा तो भिंतीच्या पोटात सबंध गडप. लोखंड म्हणाल तर एक साखळी आणि कडी-कोयंडा, तोही गल्लीतल्या लोहारमामांनी घडवलेला. मोबदला सुगीत ज्वारी.

पेठेत तेव्हा एक दुकान होतं. खिळे, विळे, बादल्या, सुतळी आणि तागडीत घालून वजनावर विकल्या जाणाऱ्या बिजागऱ्या. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शीपर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत आली. ढोकीचं स्टेशन आम्हांला जवळ. बाहेरच्या मालाला वाट झाली. योगायोग असा, की त्याच १८९७ मध्ये आर्देशीर गोदरेज मुंबईत कुलपं करू लागले. अलीगढची कुलपंही येत. कुणाच्या दाराला कुठलं कुलूप, यावरून आमच्याकडे सोयरीक जुळवणारे ऐपत ताडत! एके काळी याच तेरचं, म्हणजे तगरचं, कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई, असं ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ सांगतो. आता गाडी उलटी भरून येत होती.

ऐंशीच्या दशकात मी जवळच्याच शाखेत अधिकारी म्हणून आलो. दुकानदाराला कॅश क्रेडिट हवं होतं. हिशेबाच्या वह्या नीट, तारणाला जागा. अर्ज आठवड्यात मंजूर. त्याच महिन्यात लोहारमामा आले. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत त्यांना पंख्याचा भाता मिळू शकत होता, कोटेशन आणलं की झालं. मामा म्हणाले, “सायब, भाता हाय. लोखंडाला पैसं द्या.” लहानपणी मला ‘बाळ’ म्हणणारा माणूस ‘सायब’ म्हणाला, तेव्हाच मी चुळबुळलो. पण योजना वस्तूला होती, कच्च्या मालाला पैसे कसे द्यायचे? दुसरी वाट शोधता आली असती. मी शोधली नाही. अर्जावर शेरा मारला आणि तो परत केला. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. हे वाक्य मी आजवर स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं आहे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी-सास्तूरकडे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेर त्या मानाने दूर, पण भीती दूर नव्हती. आमच्या गल्लीत कितीतरी दिवस कुणी आतून कडी लावायला धजेना. पळायची वेळ आली तर ती निघायला हवी ना! दगडी घरावरचा विश्वासच उडाला. सिमेंटची घरं उभी राहू लागली, लोखंडी चौकटी आल्या आणि पेठेतल्या दुकानाने शेजारचा गाळा घेतला. ॲल्युमिनियमचे टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप, पुढे फ्लश डोअर आणि मॉर्टिस लॉक. अडसर हा शब्द कामात अडथळा आला की तेवढा तोंडात राहिला.

दुकानदार वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. मामांचा भाता थंडावल्यावर त्यांच्या मुलाला त्यानेच काउंटरवर ठेवलं.

निवृत्तीनंतर मी घर नव्याने बांधायला काढलं. सामान घ्यायला गेलो, तर तो मुलगाच पुढे. त्याचेही केस पिकलेले. जुन्या दाराचा कडी-कोयंडा मी पिशवीतून नेला होता. म्हटलं, नव्या दाराला हाच बसव. त्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला. कोयंड्याच्या टोकाशी हातोडीचे ठोके होते, त्यांवरून अंगठा फिरवला.

“काका, ही फळी पातळ हाय. ह्यो तिला पेलायचा न्हाई,” असं म्हणत त्याने मागच्या फडताळातून एक अल्ड्रॉप काढून काउंटरवर ठेवला. “ह्यो न्या. पावती कुणाच्या नावानं करू?”