पक्ष्याला जवळ येऊ द्या

रानातला कॅमेरा : लेखांक सहावा

शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्याला पहिले दोन-चार दिवस पाखरे बिचकतात. मग त्याच्या पसरलेल्या हातावर कोतवाल येऊन बसतो आणि तिथूनच उडून हवेतले किडे टिपू लागतो. शेतकऱ्याच्या लेखी बुजगावणे वाया गेले, पण रानातली छायाचित्रे काढणाऱ्याने या घटनेचा नीट विचार करायला हवा. बुजगावण्याला माणसाचा आकार आहे, माणसाचा सदरा आहे, तरी कोतवालाची भीती गेली, कारण ते हलत नाही, रोखून पाहत नाही आणि त्याच्या दिशेने एक पाऊलही टाकत नाही. पाखराला माणसाच्या नुसत्या असण्यापेक्षा त्याच्या येण्याची भीती जास्त असते. गेल्या आठवड्यात लांब पल्ल्याच्या लेन्सचा विचार केला. आज घडीच्या लपणाचा, म्हणजे छायाचित्रकार ज्याला हाइड म्हणतात त्या उचलून नेता येणाऱ्या कापडी आडोशाचा विचार करू. माझे म्हणणे एवढेच आहे : प्राण्याच्या जवळ जाण्याची युक्ती म्हणून लपण वापरले, तर ते प्राण्याचा घात करू शकते. एका जागी थांबायचे आणि प्राण्याला त्याच्या मर्जीने येऊ द्यायचे, ही शिस्त म्हणून वापरले, तर यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीसारख्या अभयारण्याबाहेरच्या मुलखात याहून योग्य साधन नाही.

आधी ते काम कसे करते ते पाहू. लवचीक काड्यांवर ताणलेला, एका माणसाला स्टुलावर बसता येईल एवढा कापडी तंबू, पुढे लेन्स बाहेर काढण्यासाठी बाहीसारखी कापडी नळी आणि बाजूंना जाळीच्या खिडक्या, एवढाच त्याचा पसारा असतो. विकत घ्यायचे नसेल तर चार बांबू, गोणपाट आणि वरून वाळलेल्या पऱ्हाट्या लावूनही काम भागते. लपण माणसाचा चेहरा, डोळे आणि हातांची हालचाल झाकते. वास आणि आवाज ते झाकत नाही. त्यामुळे पाण्यावर येणाऱ्या रोह्यासाठी किंवा रानडुकरासाठी वारा कुठून वाहतो हे कापडाच्या रंगापेक्षा महत्त्वाचे ठरते. पक्ष्यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात आणि अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. कपड्यांना चमक आणणाऱ्या पावडरीने लपणाचे कापड धुतले, तर आपल्या डोळ्यांना फारसे जाणवत नाही, पण ते कापड अतिनील प्रकाश शोषून निळसर उजळते. पानाफुलांच्या महागड्या छापापेक्षा न चमकणारे, मातकट, घट्ट ताणलेले आणि वाऱ्याने न फडफडणारे कापड अधिक उपयोगी पडते. फडफड म्हणजे हालचाल, आणि बुजगावण्याने शिकवलेला धडा हालचालीचाच होता.

आता हे साधन या मुलखाला का जुळते ते पाहा. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य आहे. तिथे प्रवेशद्वार आहे, ठरलेल्या वेळा आहेत, वाहनातून उतरायला मनाई आहे आणि सोबत वाटाड्या असतो. तिथे लपणाचा प्रश्नच येत नाही. आर्णीचे तसे नाही. दिग्रसजवळच्या धरणातून खाली येणारी अरुणावती आर्णीवरून पुढे पैनगंगेकडे जाते. तिचे काठ, लहानमोठे बंधारे, गावतलाव, धुऱ्यावरची बाभळी-पळसाची रांग आणि कापूस-तुरीची वावरे हेच इथल्या पाखरांचे घर आहे. पावसाळ्यानंतर जलाशयाचे पाणी उतरत जाते, गाळपेरीची जमीन उघडी पडते, आणि त्या ओल्या पट्ट्यावर शेकाटे, तुतवार, चिखले आणि बगळे चरायला येतात. पाण्याची कड दर आठवड्याला सरकते, तशी पाखरेही सरकतात. अशा ठिकाणी सिमेंटची पक्की लपणगृहे बांधून उपयोग नाही, कारण महिनाभरात पाणी त्यांच्यापासून दूर गेलेले असेल. उचलून नेता येणारे आणि उठल्यावर मागे खूण न ठेवणारे लपणच इथे शोभते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आता ६०० मिलिमीटरच्या लेन्स आल्या आहेत, मग तंबूत घामाघूम होऊन बसायचे कशाला? लेन्स लांबून चित्र मोठे करते हे खरे, पण मधली हवा ती नाहीशी करू शकत नाही. आपल्या काळ्या, उघड्या जमिनीवर ऊन चढले की हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी कितीही भारी लेन्समधून पाहिला तरी विरघळल्यासारखा दिसतो. शिवाय साधा हिशोब करा. तीच लेन्स ४० मीटरऐवजी १० मीटरवरून वापरली, तर पक्ष्याची प्रतिमा लांबीने चौपट आणि क्षेत्रफळाने सोळापट होते. पिसांच्या कडा, चोचीतला किडा, डोळ्यातला प्रकाश हे सारे त्या सोळापटीतून येते. म्हणजे साध्या लेन्सवाल्यालाही लपण बरेच काही मिळवून देते. दुसरा आक्षेप मोटारीचा. तारेवर बसलेल्या नीलपंखासाठी रस्त्याकडेची मोटार उत्तम आडोसा आहे, हे मान्यच करायला हवे, कारण रहदारी पाखरांच्या सवयीची झालेली असते. पण पाण्याच्या काठावर मोटार नेली की ओली काळी माती चाके धरून ठेवते, आणि ज्या चिखलात पाखरे चरतात तोच तुडवला जातो. तिसरा पर्याय आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याचा. तो निशाचर प्राण्यांच्या नोंदीसाठी मोलाचा आहे, पण समोरचा जीव अस्वस्थ झाला तर तो स्वतःहून थांबत नाही. लपणात बसलेला माणूस थांबू शकतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र नैतिक आहे. लपणामुळे घरट्यापर्यंत पोहोचणे सोपे होते आणि पक्ष्यांचे वाटोळे होते, असे निसर्गप्रेमी म्हणतात. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी किर्टन या भावांनी १८९० च्या दशकात पक्ष्यांची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. पुढे तर बैलाच्या पोकळ कातड्यात शिरून त्यांनी पक्षी टिपले. त्यांचे लक्ष मुख्यतः घरट्यावर असे. एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचा १९३७ साली घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गेला, तोही घुबडाच्या घरट्याजवळ उभारलेल्या लपणाकडे जाताना. पण हे लोक घरट्याला का चिकटले होते? त्यांचे कॅमेरे अवजड, काचपट्ट्यांवर प्रकाश टिपण्याची गती मंद. पक्षी नेमक्या त्याच जागी पुन्हा येईल याची खात्री फक्त घरट्यावर मिळे. आज सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उडता खंड्या टिपता येतो. ज्या कारणासाठी घरटे लागत होते ते कारणच उरलेले नाही. जुनी सवय तेवढी उरली आहे, आणि ती सोडायला हवी. देशातल्या अनेक छायाचित्र स्पर्धांनी घरट्याची चित्रे घेणे बंद केले आहे, ते योग्यच आहे.

विदर्भात तर ती सवय जास्तच महागात पडते. टिटवी उघड्या जमिनीवर, नुसत्या खळग्यात अंडी घालते, आणि तिचा विणीचा काळ ऐन उन्हाळ्यात येतो. अंड्यातला जीव ३७-३८ अंशांच्या आसपास वाढतो. त्याहून तीन-चार अंश जास्त ऊब फार वेळ मिळाली तर तो मरतो. यवतमाळच्या मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांवर जाते, जमीन त्याहून तापते. म्हणून टिटवी तेव्हा अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि तो ओलावा अंड्यांना आणून देते. घरट्यापासून दहा पावलांवर कोणी तंबू ठोकला आणि ती अर्धा तास वर घिरट्या घालत ओरडत राहिली, तर छायाचित्र मिळेल, पण अंडी शिजलेली असतील. कायदाही इथे स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे धरलेले आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अभयारण्यातल्या छायाचित्रणाची परवानगीही अधिवासात बदल न करण्याच्या आणि वन्यजीवांना बाधा न होण्याच्या अटीला बांधली गेली. अभयारण्याबाहेर तपासायला कोणी नसते, म्हणून ती अट आपणच स्वतःवर घालून घ्यायची. वीण चालू असलेल्या जागी लपण लावायचे नाही, हा पहिला नियम.

मग लावायचे कुठे? जिथे पाखरू कामासाठी येते आणि काम झाले की मोकळेपणी निघून जाते, अशा जागी : चरण्याचा चिखल, पाण्यातला वाळका खुंट, पिण्याचा काठ. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. विणीची घाई कमी असते, पाहुणी पाखरे आलेली असतात आणि तंबूत माणसाचेही हाल होत नाहीत. दोन-तीन सकाळी लांबून दुर्बिणीतून पाहावे : खंड्या कोणत्या खुंटावर पुन्हा पुन्हा बसतो, तुतवार काठाने कोणत्या बाजूला सरकतो, ऊन कुठून येते. मग दुपारी, पाखरे कमी असताना, सूर्य पाठीशी राहील असे लपण झुडपाला टेकून लावावे. मोकळ्या आभाळावर त्याचा काळा आकार उठून दिसता कामा नये. एक-दोन दिवस ते रिकामेच राहू द्यावे, गरज पडल्यास टप्प्याटप्प्याने थोडे पुढे सरकवावे. बसायला जाताना दोघांनी जावे आणि एकाने परत फिरावे. बहुतेक पाखरे जाणाऱ्या माणसाकडे पाहून धोका टळला असे धरतात. हा छायाचित्रकारांचा जुना तोडगा आहे. लेन्सचे तोंड झटक्याने वळवायचे नाही, शटरचा आवाज बंद ठेवायचा, आणि उठायचे ते पाखरे आपणहून दूर गेल्यावर. मान ताठ करून पाहत राहणे, एकसारखी हाक देणे, पंख मोडल्याचे सोंग करणे, काठावर उतरता उतरता पुन्हा उडणे, ही नकाराची चिन्हे आहेत. वीसेक मिनिटांत पाखरू आपल्या कामाला लागले नाही, तर जागा चुकली असे समजून लपण काढावे.

काहीजण विचारतील, एवढे थांबण्यापेक्षा दाणे टाकले, पाण्याची थाळी ठेवली तर काय बिघडते? डोंगराळ भागांत आणि पश्चिम घाटात अशा खाद्य-पाण्यावर चालणाऱ्या सशुल्क लपणांचा व्यवसायच झाला आहे, त्यातून गावांना रोजगार मिळतो आणि लोक पाखरे जपू लागतात, ही त्याची चांगली बाजू नाकारता येणार नाही. पण रोज एकाच ताटावर पाखरांची गर्दी झाली की रोग पसरायला वाव मिळतो, शिकऱ्यालाही जागा कळते, आणि चित्रात दिसणारे वागणे पाखराचे न राहता ताटाचे होते. आर्णीच्या काठांवर अन्न आणि पाणी निसर्गाने आधीच मांडले आहे. तिथे आमिष दाखवण्याची गरज फक्त अधीरपणाला असते.

शेवटचा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. राळेगाव-पांढरकवडा भागाने नरभक्षक ठरवल्या गेलेल्या अवनी वाघिणीचा काळ पाहिला आहे. ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तोही बराचसा शेतशिवारांतून. म्हणजे अभयारण्याची हद्द वाघाला बांधत नाही. परदेशी पुस्तके अंधारातच लपणात शिरा असे सांगतात. इथे तो सल्ला टाळावा. उजाडल्यावरच जावे, अंधार पडण्याआधी निघावे, जोडीदाराने हाकेच्या अंतरावर राहावे आणि दाट झुडपी जंगलाच्या कडेला बसूच नये. वाघाइतकाच धोका माणसाच्या तारांचा आहे. रानडुकरे आणि रोही पीक फस्त करतात म्हणून कुठे कुठे कुंपणात बेकायदा वीज सोडली जाते. त्यात जनावरेही मरतात आणि माणसेही. म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय धुरा ओलांडू नये. पोलीस पाटलांना आणि जागलीला जाणाऱ्यांना आपण कुठे बसणार ते आधी सांगावे. लपण पाखरांपासून लपण्यासाठी आहे, गावापासून नव्हे.

या सगळ्या अटी पाळून हाती काय लागते? चांगले छायाचित्र तर लागतेच, पण त्याहून मोठे म्हणजे खरे वागणे पाहायला मिळते. सालीम अलींनी १९३० च्या सुमारास किहीमला सुगरणीच्या वसाहतीचे दीर्घकाळ जवळून निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यातून उलगडले. पाठलाग करणाऱ्याला असे काही दिसत नाही, कारण त्याच्यासमोर प्रत्येक पाखरू पळण्याच्याच तयारीत असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या मचाणांवर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजणारे लोक आपल्याकडे आहेत. स्थिर बसण्याची ती शिस्त वर्षातल्या एका रात्रीपुरती आणि अभयारण्यापुरती का राहावी? अरुणावतीच्या काठावर हिवाळ्यातल्या कोणत्याही सकाळी ती पाळता येते. प्रत्येक बैठकीनंतर तारीख, वेळ, जागा, पाखरांची संख्या आणि ती काय करत होती याची नोंद ठेवली, तर पाच-दहा वर्षांत या तालुक्याच्या पाणथळ जागांचा असा दस्तऐवज तयार होईल, जो बंधाऱ्याचे भवितव्य ठरवताना ग्रामसभेपुढे ठेवता येईल. लपणाची खरी किंमत तिथे वसूल होते. पुढच्या आठवड्यात ही नोंद कशी ठेवायची, ते पाहू.