जुन्या गाडीचा क्लच

एका आईची लेकरे असली, तरी थोरल्याचा जोडा धाकट्याच्या पायात बसेलच असे सांगता येत नाही. जुन्या मोटारींची पुनर्बांधणी करणाऱ्यांस हा अनुभव वारंवार येतो, आणि क्लचच्या बाबतीत तो फार महागात पडतो.

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात एमजीए ही दोन आसनांची डौलदार गाडी तयार होत असे. तिच्यामागून १९६२ साली एमजीबी आली. दोहोंची एंजिने 'बी-सीरीज' या एकाच घराण्यातील. परंतु एमजीएचे पहिले एंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, तर एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे. जुने एंजिन झिजून गेले म्हणजे एमजीएच्या मालकाची दृष्टी साहजिकच या अधिक बलवान धाकट्या भावाकडे वळते. गिअरबॉक्स तीच ठेवून एंजिन तेवढे बदलावे, असा बेत ठरतो. घोटाळ्यास आरंभ होतो तो येथे.

क्लचची रचना प्रथम पाहू. एंजिनाच्या दांड्याच्या टोकास फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्यालगत, दोन्ही अंगांस घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचप्लेट असते, आणि प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लचप्लेटच्या मध्यभागी खाचा असलेले भोक असते. त्यात गिअरबॉक्सचा दांडा बसतो. पेडल दाबले की हा दाब सुटतो व एंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते.

म्हणजे या बिचाऱ्या प्लेटला दोन धनी आहेत. तिचा घेर एंजिनाकडील भागांशी जुळावा लागतो, मधले भोक गिअरबॉक्सशी. दोन्ही गाड्यांच्या प्लेटा ८ इंचीच. पण एमजीएच्या दांड्यावर खाचा १०, आणि पाच बेअरिंगांचे एंजिन आल्यानंतरच्या एमजीबीच्या प्लेटमध्ये २३. तेव्हा ८ इंची घेराची, पण १० खाचांची प्लेट शोधावी लागते. ही चूक निदान लपत नाही, कारण प्लेट दांड्यावर चढतच नाही.

लपणारी चूक निराळी आहे. गिअरबॉक्सच्या दांड्याचे निमुळते नाक एंजिनाच्या दांड्यातील एका लहानशा बुशमध्ये टेकलेले असते. एमजीएचे नाक बारीक, पाच बेअरिंगांच्या एंजिनातील भोक मोठे. योग्य बुश न घालताही एंजिन जागेवर बसते आणि सुरूदेखील होते. मात्र आधार नसलेला दांडा डगमगू लागतो व बेअरिंगांवर त्याचा ताण पडतो. उलट बुश घट्ट झाला, तर पेडल दाबूनही दांडा एंजिनाबरोबर फिरतच राहतो आणि गिअर करकरत पडतो. यावर उपाय म्हणजे बाहेरून नव्या भोकाच्या आणि आतून जुन्या नाकाच्या मापाचा ब्रॉन्झचा बुश लेथवर कातून घेणे.

पेडलाचे बळ तेलाच्या नळीतून क्लचपर्यंत जाते. तेथे गणित उपयोगी पडते. पेडलाजवळील सिलिंडर पाऊण इंच व्यासाचा आणि क्लचजवळील सव्वा इंचाचा असेल, तर क्षेत्रफळांचे प्रमाण व्यासांच्या वर्गांप्रमाणे सुमारे १ : २.७८ पडते. पहिला दट्ट्या १ इंच सरकला, तर दुसरा ०.३६ इंच सरकेल. पेडलाजवळ चुकून ५/८ इंचाचा सिलिंडर बसवला, तर तोच दट्ट्या केवळ ०.२५ इंच हलेल. मग क्लच पुरता सुटत नाही, आणि दोष मात्र निष्पाप प्लेटवर येतो! शिवाय एमजीएच्या प्रेशर प्लेटमध्ये वेटोळ्या स्प्रिंगा, तर एमजीबीच्या प्रेशर प्लेटमध्ये पडद्यासारखी एकच चकतीवजा स्प्रिंग असते; म्हणून क्लच सोडवणारे बेअरिंग किती उंचीवर टेकते व किती सरकते, हेही ताडून पाहावे लागते.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. या गाड्यांत क्लचपर्यंत पोचण्यासाठी एंजिन बाहेर काढावे लागते. म्हणून जाणता कारागीर एंजिन अजून जमिनीवर असतानाच प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर हाताने सरकवून पाहतो, बुश नाकावर फिरवून पाहतो, आणि बोल्ट आवळण्यापूर्वी जुन्या दांड्याचा एखादा तुकडा घालून प्लेट नेमकी मध्यावर आणतो. एंजिन चढवतानाही त्याचे वजन क्षणभरसुद्धा प्लेटवर लोंबकळू देत नाही. कारण तेवढ्यानेही प्लेटचा मधला भाग वाकतो.