मनगट कुणी हलवलं?

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेंजामिन लिबेट यांनी काही लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा. समोर एक ठिपका घड्याळाच्या काट्यागत गोल फिरत होता. एका फेरीला २.५६ सेकंद. ‘आता हलवावं’ असं मनात आलं तेव्हा ठिपका कुठे होता, तेवढं फक्त लक्षात ठेवायचं.

१९८३ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि वादाला तोंड फुटलं. हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत विद्युत लहर चढू लागे. इच्छेची जाणीव मात्र जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदूनं परस्पर ठरवायचं आणि आपण नुसतं हो म्हणायचं?

लिबेट स्वतः इतके पुढे गेले नाहीत. ऐनवेळी हालचाल रोखण्याचा अधिकार जाणिवेकडे उरतो, असं त्यांचं म्हणणं.

२०१२ मध्ये आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी त्या लहरीच्या अर्थावरच शंका घेतली. मेंदूत विद्युत चढउतार अखंड चालू असतात. घाई नसली की त्यातल्याच एखाद्या चढावर उंबरठा ओलांडला जातो आणि हात हलतो. हालचालीच्या क्षणापासून मागे जाऊन अशा अनेक नोंदींची सरासरी काढली, की तो चढ आधीच घेतलेल्या निर्णयासारखा दिसतो.

शिवाय मनगट आत्ता हलवलं काय नि नंतर हलवलं काय, कुणाचं काय अडतं? नोकरी सोडताना माणूस महिनोन्‌महिने घोळ घालतो. तेव्हा लिबेटच्या आलेखावर बोट ठेवून इच्छास्वातंत्र्य खोटं आहे असं कुणी ठणकावलं, तर मानू नका. ते खरं असल्याचा पुरावाही त्या आलेखात नाही.