पडद्यावर उजळ, कागदावर काळपट

कृष्णधवल छायाचित्रं छापणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपल्याला कुठे रंग छापायचेत? मग मॉनिटर कॅलिब्रेट कशाला करायचा?" ऐकायला पटण्यासारखं आहे, पण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रंगीत फोटोतलं आकाश जरासं जांभळटाकडे झुकलं तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. राखाडीत मात्र हिरव्याची किंवा गुलाबीची पुसटशी झाक आली तरी नजर अडखळते, कारण तटस्थ राखाडीच्या आसपासचे बारीक फरक डोळा चटकन टिपतो.

शिवाय हिशेबही राखाडीच्या विरोधात जातो. आठ बिटच्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. तिन्हींच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग तयार होतात. पण शुद्ध राखाडीसाठी तिन्ही आकडे सारखेच लागतात, म्हणून ठार काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या उरतात फक्त २५६. साध्या मॉनिटरवर कॅलिब्रेशनची दुरुस्ती ग्राफिक्स कार्डातल्या तक्त्यातून होते आणि त्यात यांतल्या काही पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचा फोटो उघडून पाहा. डोंगरकड्यावरचं धुकं पांढऱ्यातून करड्यात अलगद उतरायला हवं, त्याऐवजी तिथे पट्टे दिसू लागतात. असे पट्टे दिसले की लोक फाइलवर ब्लर फिरवत बसतात. खरं तर अनेकदा ते फोटोत नसतात, पडद्यावर असतात. एक छोटा तुकडा छापून पाहिला की उलगडा होतो. म्हणूनच ज्यांची दुरुस्ती मॉनिटरच्या आतल्या १० ते १६ बिटच्या तक्त्यात होते, असे मॉनिटर या कामासाठी मोलाचे. कृष्णधवल काम करणाऱ्याने मॉनिटर किती रंग दाखवतो यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा या सोयीसाठी मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांत जास्त कागद आणि शाई मात्र वाया जाते ती दुसऱ्याच समजुतीपायी : प्रिंट काळपट आला म्हणजे प्रिंटर किंवा लॅब वाईट. इथे थोडं मोजमाप करू. नवे मॉनिटर बहुधा २५० ते ३५० कँडेला प्रति चौरस मीटर इतक्या लखलखाटावर लावलेले येतात. आता कागद घ्या. त्याला स्वतःचा प्रकाश नाही, खोलीतला परत फेकायचा एवढंच त्याच्या हातात. पडलेल्या प्रकाशापैकी ९० टक्के परत करणारा चांगला पांढरा कागद ३०० लक्सच्या उजेडात सुमारे ८६ कँडेलाच उजळतो आणि १०० लक्सच्या मंद दिवाणखान्यात जेमतेम २९. म्हणजे पडद्यावरचा पांढरा आणि कागदावरचा पांढरा यांत तिपटी-चौपटीचा किंवा त्याहून मोठा फरक. एवढ्या झगझगीत पडद्यासमोर बसून आपण फोटोतल्या सावल्या "आता बरोबर झाल्या" म्हणून सोडतो, त्या सावल्या कागदावर बुडणारच. छपाईसाठी मॉनिटर ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान लावतात तो यासाठी. पहिले दोन दिवस पडदा मेणचट, मरगळलेला वाटतो. डोळ्यांना सवय होऊ द्या आणि खोलीतला दिवाही एकसारखा ठेवा. दुपारी खिडकी उघडी आणि रात्री अंधार, अशा खोलीत कोणतंही कॅलिब्रेशन टिकत नाही. आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, दोन्ही बंद.

प्रिंट काळा आला म्हणून तो पडद्याशेजारी धरून, मॉनिटरची बटणं दाबत पडदाच तसा काळा करायचा, हा उपाय काही जण अभिमानाने सांगतात. पडद्यावरचा कोरा पांढरा आणि उजेडात धरलेला कोरा कागद जवळपास सारखे दिसतील एवढा ब्राइटनेस व पांढऱ्याची ऊब जुळवणं रास्त आहे. रोजच्या वापरातलं ६५०० केल्विन कापसाच्या उबदार कागदापुढे निळसर वाटतं, तेव्हा ५०००च्या दिशेला सरकायला हरकत नाही. पण एका प्रिंटसाठी मधले टोन वाकवले की पुढच्या प्रत्येक फोटोचा अंदाज चुकतो.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल हे एकच, असंही बरेच जण धरून चालतात. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर काटे फिरवून ते बरोबर लावणं हे कॅलिब्रेशन, आणि उरलेली चूक किती ते टिपून ठेवणं हे प्रोफाइल. ते टिपण त्या एकाच घड्याळाचं असतं. त्यामुळे त्याच मॉडेलच्या मॉनिटरवर मित्राने बनवलेलं प्रोफाइल आपल्याला चालत नाही. पडद्यामागचा दिवाही हळूहळू उतरतो, म्हणून महिन्यातून एकदा, मॉनिटर अर्धा तास तापल्यावर कलरिमीटर, म्हणजे पडद्याचा रंग मोजणारं उपकरण, पुन्हा लावावा.

आता सगळं चोख केलं, तरी पडदा आणि प्रिंट तंतोतंत सारखे दिसतील का? नाही, आणि यात कुणाचा दोष नाही. चांगल्या मॉनिटरवर पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ असतो. मॅट कागदावरच्या सर्वांत गडद काळ्याची घनता १.६च्या आसपास असते, म्हणजे तो काळाही पडलेल्या प्रकाशाचा चाळिसावा भाग परत पाठवतो. चकचकीत किंवा बरायटा कागद २.३पर्यंत जातो, तिथे हा भाग दोनशेवा होतो. हजारांचं अंतर चाळीसमध्ये बसवायचं तर कुठेतरी दाबावं लागणारच आणि दाब बहुधा सावल्यांवर येतो.

हा दाब आधीच पाहायचा तर प्रिंट कसा दिसेल ते पडद्यावर दाखवणारं फोटोशॉपमधलं सॉफ्ट प्रूफ वापरा. कागदाचं प्रोफाइल निवडून कागदाच्या रंगाचा पर्याय लावला की चित्र एकदम फिकं पडतं आणि घाबरून लोक तो बंद करतात. तेच तर बघायचं असतं. पर्याय लावताना क्षणभर नजर दुसरीकडे वळवा, भोवतीचे पांढरे चौकोन आणि मेनू झाका आणि मग पाहा.

त्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे २१ पायऱ्यांची राखाडी पट्टी. शून्यापासून शंभरपर्यंत दर पाच टक्क्यांना एक चौकोन, आपल्याच कागदावर, आपल्याच शाईने छापलेला. पडद्यावर ९५ आणि १०० टक्के काळे वेगळे दिसतात. मॅट कागदावर कित्येकदा ते एकच होऊन बसतात, तेव्हा फोटोतल्या अंधाऱ्या ओसरीचा तपशील कुठपर्यंत टिकेल ते ही पट्टी आधीच सांगते. क्वाडटोनरिप हे छपाईचं सॉफ्टवेअर वापरणारे या पट्टीची मोजमापं घेऊन कागदाचं राखाडी प्रोफाइलही बनवतात.

राहिली प्रिंटवरची झाक. पडदा तटस्थ असूनही प्रिंट बल्बखाली गुलाबी आणि खिडकीपाशी हिरवट दिसत असेल, तर मॉनिटरला बोल लावू नका. रंगीत शायांच्या मिश्रणातून राखाडी बनवली की प्रकाश बदलला तशी ती रंग बदलते. एप्सनने २००५मध्ये आणलेल्या के३ शायांत काळ्याच्या जोडीला दोन फिक्या काळ्या शाया होत्या, त्यामागे हा त्रास कमी करणं हाही हेतू होता. निव्वळ कार्बनच्या शाया या बाबतीत सर्वांत स्थिर, पण त्यांची राखाडी उबदार, तपकिरीकडे झुकणारी असते, आणि ती प्रत्येक चित्राला शोभत नाही.

प्रिंट तपासण्यासाठी आयएसओ ३६६४ या मानकात काटेकोर तुलनेला २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीला ५०० लक्स प्रकाश सांगितला आहे. घरच्या भिंतीवर एवढा उजेड क्वचितच असतो. म्हणून मोठा प्रिंट काढण्याआधी एकाच कागदावर तोच तुकडा थोडा उजळ, आहे तसा आणि थोडा गडद असा तीनदा छापा, शाई पुरती वाळायला एक दिवस द्या आणि चित्र जिथे लागणार आहे त्याच भिंतीवर टाचून निवड करा.