शस्त्रापूर्वी शिस्त : मुए थायची गुरुपरंपरा

दोन मुठी, दोन कोपरे, दोन गुडघे आणि दोन पाय ही थायलंडच्या ‘मुए थाय’ या युद्धकलेची आठ आयुधे. ती चालवायची कशी, हे शिकवण्याइतकेच ती केव्हा आवरायची, हे शिकवणे तेथील गुरूचे कर्तव्य मानले जाते. या गुरूला थाय भाषेत ‘क्रू’ म्हणतात. तो आपल्या ‘गुरू’ या शब्दाचाच अवतार. ज्येष्ठ शिक्षकासाठीचा ‘आजान’ हा शब्द ‘आचार्य’वरून आलेला आहे.

पारंपरिक तालमीत शिष्याचा दिवस पहाटे काही किलोमीटर धावण्याने सुरू होतो. पाठोपाठ दोरीवरच्या उड्या, काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी झुंज, वजनदार पिशवीवरील प्रहार आणि एकमेकांची मान धरून होणारी झटापट. दुपारनंतर पुन्हा हाच क्रम. कराटेप्रमाणे रंगीत पट्ट्यांची श्रेणी येथे मुळात नाही. गुरू हातांत जाड गाद्या बांधून समोर उभा राहतो आणि शिष्याचे प्रहार स्वतः झेलतो. कमरेची फिरकी अपुरी पडली की श्वास चुकला, हे त्याला पाहण्यापूर्वी हातांना कळते. तीच शिष्याची परीक्षा.

शिक्षणाचे टप्पे विधींनी बांधलेले असतात. प्रवेशाच्या वेळी गुरू शिष्याचा रीतसर स्वीकार करतो. लढतीपूर्वी शिष्य ‘वाय क्रू’ म्हणजे गुरुवंदना करतो. त्याच्या मस्तकावरील ‘मोंगखोन’ हे कडे गुरूच चढवतो आणि वंदनेनंतर गुरूच उतरवतो. हा शब्द ‘मंगल’पासून आला आहे. पुढे ‘क्रॉप क्रू’ या विधीने शिष्याला शिकवण्याचा अधिकार मिळतो. आज शिक्षकांसाठी प्रमाणपत्रांचे अभ्यासक्रमही आहेत. तरीही अनेक तालमींत निवृत्त लढवय्येच गाद्या हाती घेतात.

या व्यवस्थेची खरी कसोटी मात्र अर्थकारणात लागते. गरीब ग्रामीण कुटुंबांतील मुले लहान वयातच मोबदल्यासाठी रिंगणात उतरतात आणि त्या मिळकतीत तालमीचाही वाटा असतो. शिष्य तयार आहे की नाही हे ठरवणारा आणि त्याच्या लढतीवर चरितार्थ चालवणारा माणूस अनेकदा एकच असतो. नोव्हेंबर २०१८मध्ये डोक्यावर संरक्षक कवच नसताना लढलेल्या १३ वर्षांच्या मुलाचा मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्यानंतर १२ वर्षांखालील मुलांच्या लढतींवर बंदी असावी की नाही, हा वाद देशभर पेटला. बालपणापासूनच्या सरावाशिवाय कला टिकणार नाही, असे एका पक्षाचे म्हणणे; कोवळ्या मेंदूची किंमत देऊन कला जपता येत नाही, असे दुसऱ्याचे.

सराव आणि सामना यांत भेद केला, तर दोन्ही पक्षांना जागा उरते. मुलाला धावायला, वंदन करायला आणि गादीवर प्रहार करायला शिकवता येते. त्यासाठी त्याच्या डोक्यावर आघात होण्याची गरज नाही. आता भारतातही मुए थायचे वर्ग चालतात. आपल्या पाल्याला तेथे पाठवताना शिक्षकाने किती पदके मिळवली, एवढेच विचारून भागणार नाही. ‘अजून नाही’ असे शिष्याला सांगण्याची त्याची तयारी आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. मोंगखोन चढवणाऱ्या हाताला तोच अधिकार परंपरेने दिला आहे.